कापसाची तेजी आणि तोट्याची वाटणी

अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या बाजारात जी अफाट संपत्ती आणून ओतली आणि ते युद्ध संपताच जी ओसरली, तिचा इतिहास बहुधा शेअरांच्या वेडाची कथा म्हणून सांगितला जातो. मूठभर दलालांचा लोभ, त्यांच्या मागे धावणारे शहर आणि शेवटी निघालेले दिवाळे एवढ्यात ती कथा आटोपते. या मांडणीत तथ्य आहे, पण ती अपुरी आहे. कारण कापसाचा भाव चढला तो दूरदेशीच्या युद्धामुळे, त्या चढलेल्या भावाचा पैसा शेअरांकडे वळला तो नुकत्याच झालेल्या कायद्यांमुळे, आणि खेड्यातला माल बंदराला व बंदरातली बातमी पेढीला किती वेगाने पोहोचेल हे ठरवले आगगाडीने, आगबोटीने आणि तारायंत्राने. राजकारण, अर्थकारण आणि तंत्रज्ञान या तिन्हींच्या संगमातून ती तेजी उभी राहिली. ती कोसळल्यावर मात्र तोटा कोणी सोसायचा हा प्रश्न युद्धाने किंवा यंत्राने नव्हे, तर सरकारने केलेल्या आणि न केलेल्या कायद्यांनी सोडवला. त्यामुळे या इतिहासाचा शेवट मुंबईच्या कोटात नव्हे, तर पुणे आणि नगर जिल्ह्यांतील कोरडवाहू खेड्यांत शोधावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधील लँकशर परगण्यातील कापडगिरण्या जगातील सर्वांत मोठा यंत्रोद्योग चालवीत होत्या आणि त्यांना लागणारा सुमारे चार पंचमांश कापूस एकट्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून, गुलामांच्या श्रमावर पिकून येत असे. हे अवलंबन धोक्याचे आहे याची जाणीव मँचेस्टरच्या गिरणीमालकांना होती. म्हणूनच १८५७ साली त्यांनी अन्य देशांतून कापूस मिळवण्यासाठी एक संघटना स्थापन केली. परंतु अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस स्वस्तात मिळत असेपर्यंत हिंदुस्थानच्या आखूड धाग्याच्या कापसाला तेथे दुय्यम मालाचेच स्थान होते. एप्रिल १८६१ मध्ये युद्धाला तोंड फुटले आणि अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. साठ्यातला माल संपत आला तशा लँकशरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि १८६२ च्या अखेरीस तेथील सुमारे पाच लाख माणसे मदतीवर जगू लागली. १८६० साली ब्रिटनच्या कापूस आयातीत हिंदुस्थानचा वाटा साधारण एक षष्ठांश होता. १८६२ मध्ये तो तीन चतुर्थांशाच्या आसपास गेला, अर्थात एकूण आयातच फार घटलेली असताना.

हा कापूस इंग्लंडमध्ये ‘सुरत’ या नावाने ओळखला जात असला तरी तो गुजरात, काठेवाड, खानदेश, वऱ्हाड आणि धारवाड अशा विस्तीर्ण मुलखातून मुंबईला येई. वऱ्हाडचा मुलूख १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला होता. उमरावती आणि खामगाव या तेथल्या कापसाच्या मोठ्या पेठा होत्या, तर शेजारच्या हिंगणघाटचा कापूस त्याच्या धाग्यासाठी नावाजलेला होता. शेतकऱ्याच्या घरी हातरेच्यावर सरकी काढलेला हा कापूस सैल गाठोड्यांत भरून बैलांच्या पाठीवर किंवा गाड्यांतून घाट उतरत असे. वाटेत धूळ, पाला आणि पाऊस खाऊन तो बंदरात पोहोचला की दाबाच्या कारखान्यात, म्हणजे प्रेसमध्ये, त्याच्या घट्ट गासड्या बांधल्या जात, कारण जहाजात जागेचे भाडे द्यावे लागे आणि सैल कापूस नेणे कोणालाच परवडत नसे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६३ मध्ये भोर घाट चढली आणि १८६५ च्या आरंभी थळ घाटाचा मार्ग खुला झाला. परंतु नागपूरपर्यंत तिचे रूळ १८६७ साली पोहोचले. तेजीच्या ऐन वर्षांत वऱ्हाडचा बहुतेक माल वाटेचा मोठा भाग बैलगाडीनेच कापत होता. भाव आगबोटीच्या वेगाने चढत होते आणि माल बैलाच्या चालीने येत होता. या दोन वेगांमधल्या अंतरात मधल्या माणसाला, म्हणजे अडत्याला आणि व्यापाऱ्याला, भरपूर वाव होता. वजन वाढवण्यासाठी कापसात सरकी, माती आणि पाणी मिसळण्याचा प्रकार इतका बोकाळला की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील भेसळीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

लिव्हरपूलच्या बाजारात युद्धापूर्वी पौंडाला चार-पाच पेन्सना विकला जाणारा हा कापूस १८६४ पर्यंत वीस पेन्सच्या वर गेला. मुंबईत कापसाचा भाव खंडीवर सांगत आणि मुंबईची खंडी ७८४ पौंडांची होती, हे लक्षात घेतले म्हणजे एका खंडीमागे किती रुपयांचा फरक पडला असेल याची कल्पना येते. मागणी एवढी होती की लोकांनी गाद्या-उशा उसवून त्यांतला जुना कापूस बाजारात आणल्याचे उल्लेख आहेत. एरवीच्या भावाने जे मिळाले असते त्यापेक्षा या पाच वर्षांत मुंबईला सात ते आठ कोटी पौंड अधिक मिळाले, असा अंदाज त्या पिढीतल्या लेखकांनी केला आहे. हा पैसा मुख्यतः चांदीच्या रूपाने येत होता, कारण इंग्लंडला एवढ्या मालाच्या मोबदल्यात देण्याजोगे कापड त्या वेळी तयार होत नव्हते. त्यातला काही हिस्सा शेतकऱ्यापर्यंत निश्चित पोहोचला. मात्र त्याच काळात हातमागावर बसणाऱ्या विणकराला सूत परवडेनासे झाले आणि कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ज्या उद्योगाचा पाया घातला होता, त्या मुंबईतील कापडगिरण्यांची वाढही महाग कापसामुळे खुंटली. ज्या भावाने व्यापारी श्रीमंत झाला, त्याच भावाने कापसाचे कापड करणारा अडचणीत आला.

एवढा पैसा एका लहान बेटावर जमा झाल्यावर तो कोठे गुंतवायचा, हा प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर कायद्याने आधीच तयार करून ठेवले होते. भागीदारीच्या जुन्या पेढीत धंदा बुडाला तर भागीदाराच्या घरादारावर टाच येई. १८५७ च्या कायद्याने कंपन्यांना मर्यादित जबाबदारीचे तत्त्व लागू केले, म्हणजे भागधारकाने जेवढ्या रकमेचा भाग घेतला असेल तेवढ्यापुरतेच त्याचे देणे राहील अशी तरतूद केली, आणि १८६० च्या कायद्याने ही सवलत बँकांनाही मिळाली. १८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतल्यामुळे बँक ऑफ बॉम्बेसारख्या इलाखा बँकांच्या व्यवहाराचे स्वरूप बदलले. १८४० साली स्थापन झालेल्या या बँकेची नवी सनद १८६३ च्या दहाव्या कायद्याने ठरवण्यात आली आणि तिच्यात कर्ज देण्यावरची पूर्वीची बंधने पुष्कळ सैल झाली. आता कंपन्यांचे शेअर तारण घेऊन बँकेला कर्ज देता येऊ लागले. परिणामी एका कंपनीचा शेअर गहाण ठेवून काढलेल्या कर्जातून दुसऱ्या कंपनीचा शेअर घ्यायचा, तो गहाण ठेवून तिसऱ्या कंपनीचा, अशी साखळी सुरू झाली. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, १६ प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या, २० विमा कंपन्या आणि इतर ६२ भागभांडवली कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वी अशा कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

या सर्वांत लोकांच्या मनाची अधिक पकड घेतली ती समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्यांनी, आणि त्यांतही बॅक बे रेक्लमेशन कंपनीने. मुंबईत जागेची टंचाई खरी होती. १८६४ च्या शिरगणतीत बेटाची वस्ती ८ लाख १६ हजारांवर भरली होती आणि गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत कोटाचे तट पाडून शहराचा विस्तार चालला होता. मलबार टेकडी ते कुलाबा या पट्ट्यातील समुद्र बुजवावा, त्यातली काही जमीन बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेसाठी द्यावी आणि उरलेली कंपनीने विकावी, अशी ही योजना होती. कंपनीचा शेअर दर्शनी १०,००० रुपयांचा होता आणि त्यातले ५,००० रुपये भरून घेतले होते. म्हणजे उरलेले ५,००० रुपये कंपनी मागेल तेव्हा भरण्याची जबाबदारी भागधारकावर होती. मुंबई सरकारने स्वतः ४०० शेअर घेण्याचे ठरवले होते, पण वरिष्ठ सरकारने त्याला मनाई केली, तेव्हा ते शेअर लिलावाने विकण्यात आले आणि त्यांवर एक कोटीहून अधिक रुपयांचे अधिमूल्य, म्हणजे भरणा रकमेच्या वरची किंमत, मिळाले. सरकारच्याच लिलावात असा भाव आल्यावर लोकांना अधिक खात्री ती कोणती हवी होती? पुढे हा शेअर ५०,००० रुपयांपर्यंत चढला, आणि तोही अजून पाण्याखाली असलेल्या जमिनीच्या भरवशावर.

या व्यवहारांचा केंद्रबिंदू होते प्रेमचंद रायचंद. १८३१ साली जन्मलेल्या या सुरतच्या जैन दलालाने कापसाच्या व्यापारातली बातमी इतरांच्या आधी मिळवण्याचे कौशल्य साधले होते, आणि बँक ऑफ बॉम्बेच्या चालकांवर त्यांचे इतके वजन होते की त्यांच्या शब्दावर मोठमोठी कर्जे मंजूर होत. टाउन हॉलजवळच्या वडांच्या झाडांखाली जमणारे शेअर दलाल १८६० साली साठाच्या आसपास होते. तेजीत त्यांची संख्या अडीचशेच्या घरात गेली. त्यांचे पुष्कळसे सौदे मुदतीचे, म्हणजे वायद्याचे असत: आज ठरलेल्या भावाने अमुक शेअर पुढच्या ठरावीक तारखेला घेईन किंवा देईन, असा करार करायचा आणि त्या दिवशी भावातला फरक तेवढा चुकता करायचा. या पद्धतीत आज पदरचे भांडवल लागत नाही, म्हणून सौदे कितीही मोठे करता येतात. मात्र ठरलेल्या तारखेला भाव खाली असेल तर साऱ्या देण्यांचा भार एकाच दिवशी अंगावर येतो. १८६४-६५ मधल्या असंख्य सौद्यांची अशी तारीख ठरली होती १ जुलै १८६५.

त्या तारखेच्या आधीच युद्ध संपले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती ली यांनी शरणागती पत्करली आणि ही बातमी मुंबईत येताच कापसाचा भाव कोसळू लागला. इराणच्या आखातातून टाकलेल्या केबलने आणि तुर्कस्तानातून गेलेल्या तारेने मुंबई आणि लंडन यांचा तारेचा संबंध त्याच वर्षाच्या आरंभी प्रथमच जुळला होता. ही तार धीमी होती, तिच्यावरून येणारे संदेश कित्येकदा विकृत होऊन पोहोचत आणि तिचा दर सामान्य व्यापाऱ्याच्या आवाक्याबाहेरचा होता. तरीही यापुढे पाश्चात्त्य राजकारणातली घटना आणि मुंबईचा भाव यांच्यात आगबोटीच्या प्रवासाचे आठवडे उरणार नव्हते. मे महिन्यात बेहरामजी होरमसजी कामा या बड्या पारशी व्यापाऱ्याचे तीस लाख पौंडांहून अधिक देण्याचे दिवाळे निघाले. १ जुलै उजाडला तेव्हा देणेकऱ्यांपाशी पैसा नव्हता आणि घेणेकरी स्वतःच इतरांचे देणेकरी होते. बॅक बेचा शेअर घसरत गेला आणि २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर अखेर ८७ रुपयांवर आला. पुढल्या वर्षी, मे १८६६ मध्ये, लंडनमधील ओव्हरेंड गर्नी ही प्रचंड पेढी बुडाली, आणि मुंबईत जे थोडेफार सावरले होते त्यालाही धक्का बसला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने आपल्या अहवालात बँकेच्या चालकांची व चिटणिसांची बेजबाबदारी दाखवून दिली; त्याचबरोबर १८६३ च्या कायद्याने काढून टाकलेल्या बंधनांकडेही बोट दाखवले.

शहराने हा आघात पचवला, पण त्याची किंमत अनेकांनी मोजली. मुंबईतील सार्वजनिक जीवनाचे एक आधारस्तंभ डॉ. भाऊ दाजी लाड यांची सारी पुंजी या मंदीत गेली. ज्या वस्तुसंग्रहालयासाठी ते झटले आणि ज्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले, त्या राणीच्या बागेतील संग्रहालयाची इमारत १८७२ साली लोकांसाठी खुली झाली. १८७२ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ६ लाख ४४ हजारांवर उतरली. मात्र तेजीतून काही मागे टिकूनही राहिले. प्रेमचंदांनी तेजीच्या काळात विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. बुडीत निघालेल्या कंपन्यांनी बुजवलेली जमीन आणि बांधलेले धक्के शहराकडे राहिले. समुद्र बुजवणाऱ्या एल्फिन्स्टन कंपनीची मालमत्ता सरकारने विकत घेतली आणि तिच्यावरच १८७३ साली बंदर विश्वस्त मंडळाचे काम सुरू झाले. नसरवानजी टाटा यांच्या पेढीलाही या पडझडीत जबर फटका बसला होता, परंतु त्यांचे पुत्र जमशेटजी यांनी त्यातून उभे राहून १८७७ मध्ये नागपुरात, म्हणजे कापसाच्या मुलखात आणि रेल्वेच्या टोकाला, एम्प्रेस मिल सुरू केली. कच्चा कापूस परदेशी धाडून भावाच्या चढउतारावर जगण्याऐवजी त्याचे सूत आणि कापड येथेच करावे, हा त्या पडझडीतून घेतलेला सर्वांत शहाणा धडा होता. वडाखाली जमणाऱ्या दलालांनी १८७५ मध्ये एक रुपया प्रवेश फी ठेवून आपली संस्था स्थापन केली. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच. दिवाळे निघालेल्या व्यापाऱ्यांच्या मालमत्तेचा निकाल सोपेपणाने लागावा म्हणून १८६५ सालीच अठ्ठाविसावा कायदा करण्यात आला होता. व्यापारी बुडाला त्याच वर्षी त्याच्यासाठी कायदा धावून आला.

शेतकऱ्याच्या बाबतीत असे घडले नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात कापूस फारसा पिकत नव्हता. तरीही कापसाच्या पैशाने एकूण भाव चढले, रेल्वेच्या आणि सरकारी कामांमुळे रोकड खेळू लागली आणि धान्याला चांगली किंमत येऊ लागल्यामुळे सावकाराने शेतकऱ्याला सढळ हाताने कर्ज दिले. शेतकऱ्याच्या जमिनीची पत वाढली होती आणि ती वाढलेली पत टिकाऊ आहे असे दोघांनीही गृहीत धरले. सरकारनेही तेच गृहीत धरले. तीस वर्षांची मुदत संपल्यामुळे १८६७ मध्ये इंदापूर तालुक्यापासून सुरू झालेल्या फेरआकारणीत सारा वाढवण्यात आला आणि तेजीच्या भावांचा आधार घेऊन ठरवलेला हा सारा भाव पडल्यानंतरच्या वर्षांत भरावा लागला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांत लावणे भाग पडल्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. निरक्षर कुणब्याने अंगठा उठवलेला हा कागद दिवाणी न्यायालयात निर्णायक ठरे. मूळ रक्कम किती होती, हे विचारण्याची सोय नव्हती. मुंबईतल्या दिवाळखोराने हजारोंचे देणे बुडवले तरी त्याची सुटका होत होती, तर भीमथडी तालुक्यातल्या शेतकऱ्याचे देणे दर तीन वर्षांनी नव्याने जन्म घेत होते.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर हल्ला केला आणि हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. दंगेखोरांचे लक्ष माणसांवर नव्हते. त्यांना हवे होते रोखे आणि खतपत्रे. ती हाती आली तेथे जाळली आणि बहुतेक ठिकाणी सावकाराने कागद मुकाट्याने दिले की त्याला हातही लावला नाही. आपल्या दैन्याची मुळे कोठे आहेत, हे त्या अशिक्षित माणसांनी ज्या अचूकपणे ओळखले होते, ते सरकारी चौकशी आयोगाला शेकडो पानांच्या अहवालातून मांडावे लागले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांत न्यायालयांना रोख्यामागे जाऊन मूळ कर्जाचा हिशेब तपासण्याचा, व्याज कमी करण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार मिळाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्यालाही बंदी झाली. १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने याच वर्षांत शेतसाऱ्याच्या प्रश्नावर आवाज उठवला होता, आणि पुढे जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या कर्जबाजारी कुणब्याची बाजू उघडपणे मांडली.

अमेरिकेतील नाकेबंदी, मर्यादित जबाबदारीचा कायदा, रेल्वे आणि तार यांपैकी कोणतीही गोष्ट मुंबईच्या व्यापाऱ्याने किंवा सुप्याच्या शेतकऱ्याने निर्माण केलेली नव्हती. दोघेही दूर कोठेतरी घेतल्या गेलेल्या निर्णयांचे परिणाम भोगत होते. फरक पडला तो एवढाच की व्यापाऱ्याजवळ बातमी आधी पोहोचत होती, त्याच्या तोट्याला कायद्याने मर्यादा घातली होती आणि सरकारच्या कचेरीत त्याचे म्हणणे ऐकले जात होते, तर शेतकऱ्याजवळ यांपैकी काहीच नव्हते. युद्धाने चढवलेला भाव युद्ध संपताच पडणार, यात इतिहासाला दोष देण्याजोगे काही नाही. दोष त्या राज्यव्यवस्थेचा, जिने तेजीच्या भावाने शेतसारा वाढवला, बँकांची बंधने सैल केली आणि मंदीतला तोटा ज्याला ती तेजी समजलीच नव्हती त्याच्या पदरात टाकला. व्यापाऱ्याला आपल्या दिवाळ्यातून सुटण्यासाठी १८६५ चा कायदा त्याच वर्षी मिळाला आणि शेतकऱ्याला आपल्या कर्जाचा हिशेब मागण्याचा हक्क मिळायला १८७९ साल उजाडावे लागले. मधली चौदा वर्षे आणि एक बंड हीच त्या तेजीची खरी किंमत होय.